सणाला रिकामा माणूस

कळवणला कांद्याचा काय भाव चाललाय हे कळायला बाजार समितीत जावंच लागतं असं नाही. कुठल्याही कापड दुकानात गादीच्या कडेला घटकाभर उभं राहावं. गिऱ्हाईक आत शिरताच "वरच्या कप्प्यातलं दाखव" म्हणालं, तर भाव बरा आहे. "टॉवेल-टोपीत हलकं काय आहे?" म्हणालं, तर भाव पडलाय. आणि नुसतंच पंख्याखाली बसून, माठातलं पाणी पिऊन "मग काय शेठ?" एवढंच म्हणालं, तर दिल्लीत काहीतरी झालेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली. तोवर मी दुकानातला राहिलो नव्हतो, कचेरीतला झालो होतो. तरी येता-जाता दुकानाकडे बघायचो, तर पंख्याखालची गर्दी वाढतच चाललेली.

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या मुलखात, पैसा कांद्याबरोबर चाळीत जाऊन बसतो आणि कांद्याबरोबरच बाहेर येतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात काढायचा, चाळीत भरायचा, पावसाळ्यात भाव बघत बघत थोडाथोडा विकायचा. कापड दुकानाची उधारी, पोरीचं लग्न, बायकोचा शालू, सगळं त्या चाळीच्या भरवशावर. चाळीत कांदा सडला की दुकानातल्या वहीत नावापुढची रक्कम तशीच राहते आणि शेठ आषाढातल्या ढगासारखा दिसायला लागतो.

अशा एका दुकानात मी कॉलेजच्या दिवसांत, आणि कॉलेज संपल्यावरही बरीच वर्षं, अर्ध्या दिवसाचा माणूस होतो. सकाळी कॉलेज, दुपारी जेवून दुकान. अर्धा दिवस ही फार लवचीक चीज असते. आषाढात तो खरोखर अर्धा असायचा. ताके झटकायचे, काचा पुसायच्या, सातला घर. लग्नसराईत तो रात्री दहापर्यंत ताणला जायचा. दिवाळीत हा अर्धा दिवस सकाळी आठला उजाडायचा आणि मध्यरात्र उलटल्यावर मावळायचा. मजुरी मात्र शिस्तीची होती. ती बारा महिने अर्ध्याच दिवसाची राहिली.

दुकानात राबणाऱ्यांसाठी कायदा आहे, आणि कागदावर तो चांगला आहे. १९४८ चा जुना जाऊन २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आला. त्यात तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, आठवड्याची सुटी, ८ नैमित्तिक रजा, शिवाय ८ पगारी सणसुट्या, त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. अट तेव्हा एवढीच होती की दुकानात किमान दहा माणसं कामाला हवीत. आमच्याकडे शेठ, शेठचे वडील, एक पूर्ण दिवसाचा माणूस आणि मी अर्धा. गादीमागच्या तसबिरीतले लक्ष्मी-गणपती धरले तरी आकडा दहापर्यंत जात नव्हता.

मजुरीचं असो. त्या दुकानात मी शिकलो तो बस्ता.

बस्ता म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण तो गादीच्या आतल्या बाजूने कसा दिसतो ते सांगितलं पाहिजे. सकाळी अकराच्या सुमारास दाराशी जीप थांबते आणि जीपमधून, जीपच्या कंपनीने कल्पनाही केली नसेल इतकी माणसं उतरतात. नवऱ्याकडची एका बाजूला, नवरीकडची दुसऱ्या बाजूला. पुरुष मंडळी दहा मिनिटं गंभीर चेहऱ्याने बसतात आणि मग चहाच्या निमित्ताने जी बाहेर पडतात ती पैसे द्यायच्या वेळीच उगवतात. खरा कारभार नवऱ्याच्या आईचा आणि नवरीच्या आत्याचा. त्यात एखादी मावशी असते, जी तासभर काही बोलत नाही आणि सगळ्यांची एकमताने पसंती झाल्यावर साडीचं टोक दोन बोटांत धरून म्हणते, "रंग जाईल ना हो हिचा?" झालं. पुन्हा कपाट उघडायचं. जिचं लग्न आहे ती पोरगी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असते. तिला शेवटी विचारतात, तेही "आवडली ना?" असं, म्हणजे उत्तर आधीच देऊन.

शेठचा एक नियम होता. जी साडी खपवायची ती तिसरी दाखवायची, आणि दाखवून लगेच बाजूला ठेवायची, जणू ती दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलीय. पहिल्या दोन साड्या कधीच पसंत पडत नाहीत. तिसरीवर डोळा जातो. मग तीस-चाळीस साड्यांचा डोंगर होतो आणि त्याच्या तळाशी हात घालून तीच तिसरी बाहेर ओढली जाते. "हीच बरी होती!" शेठ तेव्हा अशा चेहऱ्याने मान हलवायचे की त्यांनाही हे नव्यानेच कळतंय.

त्यानंतर मानपान. आत्याची, काकूची, मामीची, करवलीची, सगळ्यांची यादी वहीच्या पानावर लिहून आणलेली असते. अनुभवी घरातली बाई यादी संपल्यावर आणखी दोन-तीन साड्या नावाशिवाय घेते. त्या रुसणाऱ्यांसाठी. कोण रुसणार हे बस्त्याच्या दिवशी माहीत नसतं, पण कुणीतरी रुसणार हे नक्की असतं. ही दूरदृष्टी मी पुढे सरकारी अंदाजपत्रकातसुद्धा पाहिली नाही. शेवटी भाव. "भाऊ, आते शेवटलं सांग, कितलाले देशी?" इथून सुरुवात होते आणि पिशवी फुकट मिळाल्यावर समाधान होतं.

जीप निघून गेली की माझं खरं काम सुरू व्हायचं. उघडलेली प्रत्येक साडी पुन्हा मूळ घडीत बसवायची. जर आत, काठ बाहेर, पदर वर, मध्ये पुठ्ठा. घडी चुकली तर दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक साडी उलगडण्याआधीच "जुनी वाटते" म्हणतं. मी हे काम झोपेत करू शकत असे, आणि काही वेळा केलंही आहे.

दुकानाला पंचांग लागत नाही. वर्ष तिथे सणांनीच चालतं, फक्त उलट्या बाजूने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, त्यांच्या साड्या. पोळ्याला टोप्या. नवरात्रात ओटीचे खण. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव. साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ आमच्याच तालुक्यात, त्यामुळे खानदेशातून उन्हातान्हात पायी येणाऱ्यांना टॉवेल, टोपी आणि देवीसाठी लुगडं लागायचं. अठरा हातांच्या देवीला नऊवारी पुरत नाही, अकरा वार लागतं. ते वेगळं मागवून ठेवावं लागे, आणि ते मापताना शेठ कैची माझ्या हातात देत नसत. देवीच्या मापात बोटभर कमी-जास्त नको, असं त्यांचं म्हणणं. मर्त्य माणसांच्या मापात एवढी काळजी दिसली नाही.

पण याचा अर्थ असा की गाव ज्या दिवशी सण करी त्या दिवशी आम्ही सण विकत असू. दुकानात लागल्यापासून मी नरकचतुर्दशीची पहाट धड पाहिली नव्हती. अभ्यंगस्नान व्हायचं, पण आदल्या रात्रीच्या थकव्याने आंघोळीचं पाणी आणि झोप यांत फरक कळत नसे. लक्ष्मीपूजन दुकानात. चोपड्यांची पूजा, लाह्या-बत्तासे, शेठच्या हातून पाकीट. घरच्या लक्ष्मीपूजनाला मी पोचायचो तेव्हा लक्ष्मी येऊन, बसून, गेलेलीही असायची.

घरी आईचं एकच म्हणणं होतं. "दिवसाची नोकरी बघ." तिच्या लेखी नोकऱ्या दोन प्रकारच्या. एक, जिथून माणूस दिवे लागायच्या आत घरी येतो ती. दुसरी, बाकी सगळ्या. मुलींच्या बापांचंही हेच वर्गीकरण असतं, हे पुढे कळलं. तो विषय इथे नको, त्यावर या भागात एवढी तरुण पोरं खिन्न आहेत की विनोद करवत नाही.

तर मी टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. लिपिकाला मराठी मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. आपण इंग्रजी मराठीपेक्षा जलद टाइप करावं ही अपेक्षा कुणाची, कोण जाणे. दुपारच्या सुन्या वेळात गादीवर बसून सामान्य ज्ञानाचं पुस्तक वाचायचो. शेठ आले की ते साडीच्या पुठ्ठ्याखाली सरकवायचो, आणि शेठ ते बघूनही बघायचे नाहीत. एकदा मी मोठ्याने घोकत होतो, "गिरणा नदीचा उगम, केम डोंगर, सुरगाणा तालुका." समोर धोतरजोडी बघत बसलेले एक बाबा म्हणाले, "तिकडंच तर शेत हाये आपलं. पावसाळ्यात ये, दावतो." एवढा खात्रीचा संदर्भ मला पुढे कुठल्याही गाइडात मिळाला नाही.

शेठना मी जाणार हे कळलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी इतिहास काढला. "लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. कायमची नोकरी! ती सोडली आणि बेळगावला सायकलच्या दुकानात आले. १८८८ चं दुकान ते. तिथून नांगर, तिथून किर्लोस्करवाडी. आणि तू दुकान सोडून नोकरीकडे चाललास. उलटा किर्लोस्कर!" मीही सामान्य ज्ञान वाचलेलं होतं. मी म्हटलं, "शेठ, त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत फिरणारे भाऊराव पाटील विक्री सोडून शाळा काढायला गेले. १९१९ ला रयत शिक्षण संस्था. कमवा आणि शिका त्यांचंच." शेठ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. पण दोघांतला एकही क्लार्क झाला नाही." याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

मी क्लार्क झालो. माझ्या वेळी गर्दी होतीच, पण आजच्या मानाने ती विरळच म्हणायची. २०२३ च्या तलाठी भरतीत जाहिरात ४,६४४ जागांची आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या वर्गाला १,००० रुपये. आमच्या बाजारपेठेतल्या मोबाइल, चप्पल, किराणा अशा बहुतेक दुकानांतून कुणी ना कुणी फॉर्म भरला होता. त्या महिन्यात कुठल्याही दुकानात "हे केवढ्याला?" असं विचारावं, तर आतून एखादं पुस्तक घाईघाईने मिटल्याचा आवाज यायचा.

आईने पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "पेन्शनीची नोकरी लागली." १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचारी त्यासाठी संपावर गेले तेव्हा तिला ते टीव्हीवरून कळलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. पण संध्याकाळी घरी येतोस ना?"

कचेरीत पहिला बदल झाला तो हाकेत. दुकानात मी "ए भाऊ" होतो. कचेरीच्या खिडकीआड बसल्याबरोबर "भाऊसाहेब" झालो. माणूस तोच, आवाज तोच, मध्ये फक्त काच आली. ज्या काकूंनी मला साडीच्या काठावरून भर दुकानात झापलं होतं, त्या खिडकीशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, वेळ असेल तर बघता का?" मला इतकं अवघडल्यासारखं झालं की तोंडातून निघून गेलं, "बसा काकू, काय दाखवू?"

कापडानेही पाठ सोडली नाही. जुनं दप्तर लाल कापडात बांधून फडताळात ठेवलेलं असतं. ती गाठोडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्यातला कारागीर दुखावला. कोपरे बाहेर, गाठ वाकडी. मी ती सोडून पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा शेजारचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "नवीन आहात." हे वाक्य ते मला अजून म्हणतात.

घासाघीसही तीच, फक्त दिशा बदलली. दुकानात माणसं किंमत खाली आणायची, इथे उत्पन्न खाली आणतात. जून महिना म्हणजे दाखल्यांची दिवाळी. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सेतूच्या दारात रांगा. दळवट, कनाशी, अभोण्याकडून पोरं सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने परत जायचं असतं. त्या रांगेत एखादे ओळखीचे बागायतदार दिसतात. कांद्याला भाव होता त्या वर्षी याच माणसाने तीन शालू एका बैठकीत उचलले होते आणि "आपल्याकडे काय कमी आहे?" असं पंख्याखालच्या सगळ्यांना ऐकवलं होतं. आता खालच्या आवाजात म्हणतात, "भाऊसाहेब, उत्पन्न थोडं कमी नाही का होत?" मी सांगतो, तो आकडा तलाठ्याच्या अहवालातून येतो, आपल्याकडे एकच भाव. ते हसतात. मग जाताना हमखास विचारतात, "पिशवी आहे का एखादी? कागद भिजतील."

गर्दीचं मात्र मला काही वाटत नाही. बस्त्याच्या मंडळींना जो एकटा आवरतो त्याला खिडकीवरची रांग म्हणजे आषाढातली दुपार. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलीय, तिचा फलक भिंतीवर आहे. दुकानात असा फलक नव्हता, पण आलेल्या माणसाशी कुणीतरी लगेच बोलायचं एवढा एक रिवाज होता. "बसा, हे एवढं झालं की तुमचंच." माझ्या मते निम्मं प्रशासन या वाक्यात येतं. उरलेल्या निम्म्यासाठी कायदा आहेच.

आणि सुट्या! दुकानात सुटी हा शब्द फक्त नाण्यांपुरता होता. इथे वर्षाच्या सुरुवातीला छापील यादीच हातात येते. त्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. पहिलाच दिवस शनिवार, म्हणजे सुटीने सुरुवात. आठवड्याला दोन सुट्या पचवायचा मी सराव करतो न करतो तोच मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि अख्ख्या देशालाच सुटी लागली. मला काही दिवस उगीचच अपराधी वाटत होतं.

पण खरी पंचाईत दिवाळीला झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरी, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, रिकामा. आकाशकंदील लावून झाला. पणत्या लावून झाल्या. फराळाचं ताट संपलं. घड्याळात साडेसात. लोक सणाच्या दिवशी नेमकं करतात तरी काय? हे मला ठाऊकच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "बस की निवांत." निवांत बसणं हे काम आहे आणि ते लहानपणापासून शिकावं लागतं, असं माझं मत झालं.

सव्वाआठला मी दुकानात होतो. शेठनी काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा दिली. समोर साड्यांचा डोंगर होता आणि माझ्या जागी आलेला नवा पोरगा, तोही अर्ध्या दिवसाचा, सकाळपासून उभा होता. मी घड्या घालायला लागलो. तेवढ्यात कचेरीत ओळख झालेल्या एक बाई आल्या. "अय्या, भाऊसाहेब, तुम्ही इथे?" मला एकदम १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आठवले. शासनाची परवानगी असल्याशिवाय दुसरा धंदा किंवा नोकरी करता येत नाही. मी हातातली साडी मांडीवर ठेवून म्हटलं, "नाही नाही, मी फक्त घडी घालतोय." मजुरी घेतली नाही, म्हणून नियमभंग झाला नसावा. शेठनी पिशवी मात्र दिली.

आता दरवर्षी मी सण शिकतोय. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी उठतो, आखाजीला पुरणपोळीनंतर झोपतो, कोजागरीला गडाकडे निघालेले कावडीवाले रस्त्यात उभा राहून बघतो. बरं चाललंय. दुकानातला तो पोरगाही टायपिंगला जातो. मराठी ३० शब्दांची परीक्षा पास झालाय, इंग्रजी ४० ला अडलाय. त्याची दिवाळी अजून काउंटरच्या आतच आहे.

म्हणून एक विनंती. दिवाळीची खरेदी वसुबारसेच्या आत उरका. ते जमणारच नसेल आणि धनत्रयोदशीला रात्री नऊनंतर दुकानात शिरलातच, तर तिसरी साडी घ्या. शेवटी तुम्ही तीच घेणार आहात.